मजा आल्याचा फोन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कोणी उगाच फोन करत नाही. ‘मिस्त्री, आज लिफ्ट काय सुरेख चालली हो!’ असं कळवणारा गृहस्थ मिस्त्रींना उभ्या नोकरीत भेटला नव्हता. फोन वाजला की समजायचं, कुठेतरी दार अडकलंय, नाहीतर कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकून देवाचा धावा करतंय. फोन वाजला नाही की समजायचं, सगळं झकास. म्हणजे मिस्त्रींच्या लेखी शांतता हीच शाबासकी. त्यांना ती अशीच मिळत आली होती आणि तेही ती अशीच देत आले होते, घरात आणि दारात.

त्यामुळे रविवारी विहीणबाईंकडे जेवून आल्यावर त्यांनी सोमवारी फोन केला नाही. मंगळवारी तर नाहीच नाही. त्यांच्या मते त्यांनी विहीणबाईंना शंभरपैकी शंभर देऊन टाकले होते.

मंगळवारी दुपारी ते एका इमारतीच्या गच्चीवर, मशीनरूमच्या दारात डबा उघडून बसले होते, तेव्हा मुलीचा फोन आला.

“बाबा, तुम्ही त्यांना फोन केलात का?”

“कोणाला?”

“माझ्या सासूबाईंना.”

“नाही बुवा. का? काय बिघडलं?”

“काही बिघडलं नाही हो! जेवून आल्यावर करतात ना फोन, तो केलात का?”

मिस्त्रींना काही उमगेना. जेवून आल्यावर माणूस हात धुतो, फार तर आडवा होतो. फोन कसला करतो?

जावयाच्या घरी स्पॅनिश बोलतात. मुलगी लग्नानंतर ती शिकली आणि आता नवऱ्याशी भांडतेही त्याच भाषेत. विहीणबाई इतकी वर्षं दूर राहायच्या. एकट्या पडल्या म्हणून नुकत्याच मुलाच्या शेजारच्या गल्लीत राहायला आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी मिस्त्रींना जेवायला बोलावलं होतं. त्यांना मिस्त्रींची भाषा येत नव्हती आणि मिस्त्रींना त्यांची. मधे मुलगी दुभाषी.

“त्यांच्यात रीतच आहे तशी,” मुलगी सांगत होती. “कोणाकडे जेवून आलं की दुसऱ्या दिवशी फोन करायचा. मजा आली म्हणून सांगायचं. काय काय आवडलं ते सांगायचं. त्या काल सकाळपासून वाट बघतायत. फोन घेऊन ओट्यापाशी उभ्या होत्या, मी बघितलं ना.”

“अगं, ताट चाटूनपुसून ठेवलं मी. त्यावरून कळत नाही माणसाला?”

“नाही कळत. आणि वर तुम्ही ते दार दुरुस्त केलंत.”

दार! त्या दाराचा तर मिस्त्रींना मनातून अभिमान होता. विहीणबाईंच्या स्वयंपाकघराचं दार उघडता-मिटता करकरत होतं. निघायच्या आधी मिस्त्रींनी खिशातून तेलाची छोटी बाटली आणि पेचकस काढला, बिजागरीचे स्क्रू आवळले, दोन थेंब सोडले, दार चारदा हलवून बघितलं. किती मायेने केलं होतं ते काम.

“त्या म्हणाल्या, अख्ख्या घरात या माणसाला करकरणारं दार तेवढं दिसलं,” मुलगी म्हणाली. “जाताना तोंड उघडलं नाही, नंतर फोन नाही. त्यांना आपल्याकडे करमलं नसणार, असं त्यांच्या मनाने घेतलंय. या रविवारी परत बोलावणार होत्या तुम्हाला. आता म्हणतायत, कशाला उगाच अवघडून टाकायचं त्यांना.”

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. कारण खरी गोष्ट अशी होती की रविवारी परत जायला मिळेल, या एका विचारावर त्यांनी सोमवार आणि अर्धा मंगळवार काढला होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. या वयात दुसऱ्याच्या घरच्या जेवणाची अशी आस लागावी, याची त्यांची त्यांनाच लाज वाटत होती.

“एक वाक्य शिकवते,” मुलगी म्हणाली. “लो पासे मुय बिएन. माझा वेळ फार छान गेला, मला खूप मजा आली. फोन करायचा आणि एवढं म्हणायचं. त्या खूश होतील.”

“आपल्या भाषेत सांगितलं तर? तू सांगशील ना त्यांना.”

“आपल्या भाषेत कधी सांगितलंत, बाबा?” मुलगी म्हणाली. मग घाईघाईने, “बरं, ठेवते मी. म्हणून बघा दोन-चारदा,” असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

मिस्त्रींनी डबा तसाच बंद केला.

त्या दिवसापासून त्यांना काही सुचेनासं झालं. वाक्य पाठ व्हायला वेळ लागला नाही. दोर तपासताना, रोलर साफ करताना, जिन्यावरून उतरताना ते पुटपुटायचे, लो पासे मुय बिएन, लो पासे मुय बिएन. पण फोन हातात घेतला की अंगठा नंबरावर जाऊन थबकायचा. बुधवारी संध्याकाळी त्यांनी फोन लावला, पहिली रिंग ऐकली आणि चटका बसल्यासारखा कापून टाकला. मग धुतलेला कप परत धुतला. न गळणारा नळ आवळला. खुर्ची खिडकीपाशी नेली, तिथे बसवेना म्हणून परत आणून ठेवली. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या माणसाचं काहीतरी हरवलंय.

हरवलं होतंच. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. ती होती तेव्हा लग्न असो, बारसं असो की नुसता चहा, बाहेरून घरी आलं की ती पलंगाच्या कडेला बसून पाय चोळत विचारायची, “कसं झालं?” मिस्त्री बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणायचे, “ठीक.” ती जरा थांबायची. “ठीक म्हणजे?” “ठीक म्हणजे ठीक.” मग ती एकटीच सगळं परत सांगत बसायची, कोण काय म्हणालं, कोण कसं हसलं. मिस्त्री ऐकायचे. त्यांना ते ऐकायला फार आवडायचं. तेही त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि परवा रविवारी विहीणबाईंकडून परत येऊन त्यांनी कुलूप काढलं, तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं की ते दारातच बूट घालून उभे राहिले. नाड्याही सोडल्या नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले होते, आणि घरात पाऊल टाकताच त्या हसण्याची टोचणी लागली होती. ती नसताना इतकं हसायला आपल्याला होतं तरी कसं, असं त्यांना वाटत राहिलं. मजा आली हे तोंडाने म्हणायचं म्हणजे त्या टोचणीवर शिक्का मारायचा. घोडं तिथे अडलं होतं. विहीणबाईंना यातलं काय कळणार, त्या बिचाऱ्या फोनकडे बघत बसलेल्या.

गुरुवारी एका जुन्या इमारतीतून निरोप आला. लिफ्ट मधेच अडकली होती आणि आत एक बाई होती.

अशा वेळी कंपनीचा नियम साधा होता. आतल्या माणसाशी सतत बोलत राहायचं, त्याला घाबरायला सवड द्यायची नाही. हे काम नेहमी मिस्त्रींचा जोडीदार करायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. अडकलेल्या माणसाला तो स्वतःच्या मेव्हण्याच्या भानगडी सांगायचा आणि सुटका झाल्यावर लोक म्हणायचे, थांबा, पुढे काय झालं ते ऐकून जातो. पण जोडीदार तापाने घरी पडला होता. मिस्त्री एकटेच वर मशीनरूममध्ये गेले, इमारतीच्या रखवालदाराला ब्रेकचा दांडा दाबून धरायला सांगितलं आणि हाताने चाक फिरवायला घेतलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून बाईंचा आवाज आला.

“अहो, कोणी आहे का? माझ्या हातात गिऱ्हाइकाचा कोट आहे, आज द्यायचाय!”

त्या शिंपीणबाई होत्या, त्याच इमारतीत शिवणकाम करायच्या.

“घाबरू नका,” मिस्त्री म्हणाले.

“घाबरले नाहीये. चिडलेय.”

“चिडू नका.”

झालं, मिस्त्रींकडचं बोलणं संपलं. चाक जड होतं, दोर एकेक बोट सरकत होता. खालून बाईंचा श्वास जोरात ऐकू यायला लागला. नाही म्हणता म्हणता त्या घाबरत चालल्या होत्या. काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि तीन दिवस जे तोंडात घोळत होतं, तेच बाहेर पडलं.

“लो पासे मुय बिएन.”

रखवालदाराने दांडा दाबून धरल्या धरल्या मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

“काय म्हणालात?” खालून आवाज आला.

मग सांगणं भागच पडलं. मिस्त्रींनी तोडक्यामोडक्या शब्दांत सगळं सांगितलं. विहीणबाई, जेवण, दार, तो न केलेला फोन. सांगताना चाक फिरवणं चालूच होतं. शिंपीणबाईंचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. त्या चक्क हसायला लागल्या.

“मग करा की फोन! कोणी अडवलंय?”

“जीभ वळत नाही हो.”

“आत्ता वळली की. आणि मजा तरी कसली आली एवढी?”

“असंच आपलं.”

“असंच म्हणजे?”

मिस्त्रींचा हात चाकावर क्षणभर थांबला. हा प्रश्न त्यांच्या फार ओळखीचा होता.

“अहो मिस्त्री, थांबू नका!” बाई ओरडल्या. “आधी मला सोडवा, मग जीभ सोडवा!”

लिफ्ट मजल्याला लागली. मिस्त्री खाली जाऊन दार उघडेपर्यंत शिंपीणबाईंनी कोटाची घडी नीट केली होती. दार उघडताच त्या सुसाट निघून गेल्या. आभार नाही की काही नाही. मिस्त्रींना त्यात वावगं वाटलं नाही. शांतता म्हणजे झकास.

शुक्रवारी दुपारी ऑफिसमधून फोन आला. मिस्त्री जिन्यात होते. खांद्यावरची हत्यारांची पिशवी सरकवत त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “काय बिघडलं?”

“काही नाही, काका,” ऑफिसमधली मुलगी म्हणाली. तिचाही आवाज जरा गोंधळलेला होता. “तक्रार नाहीये. काल अडकलेल्या त्या शिंपीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, अडकले खरी, पण तुमच्या मिस्त्रींशी बोलता बोलता वेळ कसा गेला कळलं नाही. त्यांना एवढं सांगा म्हणाल्या. तो कोट म्हणे गिऱ्हाइकाला अगदी मापात बसला.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले. “आणखी?”

“आणखी काही नाही. एवढ्याचसाठी फोन केला होता त्यांनी. हां, आणि तुम्ही फोन केलात का, ते विचारा म्हणाल्या. काय काका, कोणाला करायचाय फोन?”

मिस्त्री पायरीवर खाली बसले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पहिलं बक्षीस मिळालेल्या शाळकरी पोरासारखं त्यांना वाटत होतं आणि त्याचं हसूही येत होतं. वेळ कसा गेला कळलं नाही. आपल्याशी बोलता बोलता! त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात परत ऐकलं. मग आणखी एकदा. आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्यांना एकदम ओट्यापाशी फोन घेऊन उभ्या असलेल्या विहीणबाई दिसल्या. त्यांच्यामागे, पलंगाच्या कडेला पाय चोळत बसलेली बायको दिसली. एवढंसं तर मागत होत्या दोघी. मिस्त्रींना स्वतःचा असा राग आला की ते ताडकन उठले, तरातरा जिना चढून वर मशीनरूममध्ये गेले, दार लावलं आणि फोन लावला. या वेळी रिंग वाजू दिली.

“दिगा?” पलीकडून विहीणबाईंनी त्यांच्या भाषेतलं ‘हॅलो’ म्हटलं.

“लो पासे मुय बिएन!” मिस्त्री म्हणाले. म्हणाले कसले, आग लागल्यावर ओरडावं तसे ओरडले.

मग विहीणबाईंनी असा काही शब्दांचा धबधबा सोडला की मिस्त्रींनी फोन कानापासून दूर धरला. धबधब्याच्या शेवटी एक प्रश्न होता, एवढं कळलं. कारण त्यानंतर त्या थांबल्या. वाट बघत राहिल्या.

मिस्त्रींकडे दुसरं वाक्य नव्हतं.

“लो पासे...” त्यांनी परत सुरुवात केली.

“बाबा?” मुलीचा आवाज आला. “मी इथेच आलेय त्यांच्याकडे. केलात फोन तुम्ही!”

“केला.”

“त्या विचारतायत, काय आवडलं?”

“सांग, सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“ते वाक्य शिकवलं नाहीस तू.”

“त्याला शिकवण्यासारखं वाक्य नसतं, बाबा. मला सांगा. मी त्यांना सांगते.”

आता मिस्त्रींना खरा घाम फुटला. ते परके शब्द सोपे होते. त्यांचं आणि मिस्त्रींचं काही देणंघेणं नव्हतं, तोंडातून टाकले की झालं. पण हे आपल्या भाषेत, आपल्या लेकीला सांगायचं होतं. तिला आजवर त्यांनी असलं काही सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात खाली कोणीतरी बटण दाबलं, मोटर घरघरायला लागली आणि मिस्त्रींना बरंच वाटलं. मोटर थांबेपर्यंत ते गप्प राहिले.

“ऐकू आलं नाही हो, बाबा.”

“अजून बोललोच नाही.”

मुलगी हसली नाही. ती थांबून राहिली, तिची आई थांबायची तशी.

“त्यांना सांग,” मिस्त्री म्हणाले, “पत्ते खेळताना त्या लबाडी करतात. एक्का मांडीखाली लपवतात. मी पहिल्याच डावात बघितलं होतं. काही बोललो नाही, मग मीपण राजा बाहीत घातला. तो त्यांनी माझ्या बाहीतून ओढून काढला तेव्हा जे हसलो आम्ही, ते मला फार आवडलं. इतकं हसलो की बरगड्या दुखल्या.”

मुलीने ते सांगितलं. पलीकडून विहीणबाईंचं खणखणीत हसू आलं आणि काहीतरी तक्रारीचा सूर.

“त्या म्हणतायत, लबाडी तुम्ही आधी सुरू केलीत.”

“खोटं आहे. आणि दाराचं सांग. ते मी नावं ठेवायला नाही दुरुस्त केलं.” मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “मला निघायचं नव्हतं तिथून. सगळे उठले, म्हणजे निघायला पाहिजे. हाताला काही काम असलं की माणसाला थोडं थांबता येतं. तो स्क्रू मी दोनदा आवळला आणि दोनदा सैल केला, चिमे.”

चिमी हे मुलीचं लहानपणचं नाव. तिने हळू आवाजात, थांबत थांबत सांगितलं. विहीणबाई या वेळी हसल्या नाहीत. त्या अगदी थोडं बोलल्या.

“रविवारी या म्हणतायत. बाल्कनीचंही दार करकरतं म्हणे. त्याला वेळ लागेल, लवकर या.”

मिस्त्रींना हवं ते मिळालं होतं. इथे फोन ठेवला असता तरी चाललं असतं. पण आवळलेला नळ एकदा सुटला की हाताने थांबत नाही, तसं त्यांचं झालं.

“परवा घरी आलो तर बूट घालूनच उभा होतो,” ते म्हणाले. “कसं झालं, असं विचारायला कोणी नव्हतं. ती दर वेळी विचारायची गं. आणि मी ठीक म्हणायचो. परवा पहिल्यांदा वाटलं, आत्ता तिने विचारावं, मी तासभर सांगेन. तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने विचारलं होतं. तुझ्या लग्नात मला किती मजा आली होती, चिमे. तू खुर्चीवर चढून सगळ्यांसमोर गायलीस, मला वाटलं, लोकांना ओरडून सांगावं ही माझी मुलगी आहे म्हणून. घरी गेलो आणि तिला म्हटलं, ठीक झालं.”

खाली कुठेतरी लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं. मग विहीणबाईंचा आवाज आला, काळजीचा, “के दिसे?” काय म्हणतायत, असंच त्या विचारत असणार.

मुलीने घसा साफ केला.

“दिसे के लो पासो मुय बिएन,” ती म्हणाली.

हे मात्र मिस्त्रींना कळलं. चार दिवस तेच तर तोंडात होतं.

“एवढंच सांगितलंस?” त्यांनी विचारलं. “मी केवढं बोललो.”

“त्यांना तेवढं पुरे, बाबा,” मुलगी म्हणाली. “बाकीचं मी ठेवून घेतलं.”